समुद्र सरासरीला थांबत नाही

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची तर आधी तिथी विचारतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमा-अमावास्येचं उधाण भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येतं. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आणि भरतीपासून सहा तासांवर सुकती. कागद-पेन्सिल न लागता तोंडातोंडी चालत आलेलं हे गणित होडी काढण्यापुरतं आजही बरोबर येतं.

भरती कधी, एवढं या गणितातून कळतं. मधल्या सहा तासांत पाणी काय करतं ते कळायला दर्यावर्दी लोकांचा आणखी एक हिशेब आहे, बारा हिश्श्यांचा. सुकतीपासून भरतीपर्यंत पाणी जेवढं चढतं त्याचे बारा हिस्से करायचे. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. एकूण चढ चार मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वर येतं आणि तिसऱ्या तासात पुरतं एक मीटर. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जाता येतं. तिथे गेलेल्या माणसाला पहिल्या तासाचं पाणी पाहून अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटतं, ते यामुळेच. तो पहिल्या तासाच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधतो, आणि पाणी मात्र तिसऱ्या तासात तिप्पट वेगानं चढतं.

आता याच पाण्याकडे संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या नजरेनं बघू. दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची टिपली. उंचीचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गात किती नोंदी पडल्या ते मोजलं आणि आयतालेख काढला. त्याचा आकार कसा येईल? मुलांना आधी अंदाज करायला सांगितलं तर बहुतेकजण मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती टेकडी काढतात. पुस्तकातलं पहिलं चित्र तेच असतं आणि मनात तेच बसलेलं असतं. समुद्राचं चित्र याच्या बरोबर उलट आहे. दोन्ही टोकांना उंचवटे आणि मधे खोलगट.

कारण बारा हिश्श्यांत दिसतंच आहे. पाणी वळायच्या आधी मंदावतं, वर आणि खाली रेंगाळतं, आणि मधून झपाट्यानं निघून जातं. साधी, एकसारखी लाट धरून हिशेब केला तरी आकडे ठळक येतात. सुकती ते भरती या उंचीचे पाच सारखे थर करा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यांपैकी सुमारे ३ तास ४० मिनिटं पाणी सगळ्यांत वरच्या थरात असतं, आणि तितकाच वेळ सगळ्यांत खालच्या थरात. अगदी मधल्या थरात उतरताना आणि चढताना मिळून ते दीड तासाहून थोडंच जास्त असतं. एका क्षणी डोळे उघडून समुद्र पाहिला, तर तो भरतीच्या किंवा सुकतीच्या जवळपास असण्याची शक्यता मधे असण्यापेक्षा कितीतरी अधिक.

या चित्राची सरासरी काढली तर ती बरोबर मधे येते. मध्यक, म्हणजे नोंदी चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला तर तोही मधेच येतो. दोन्ही अगदी अचूक, आणि दोन्ही अशा जागी की जिथे पाणी सगळ्यांत कमी वेळ असतं. मुलांना एक ठोकताळा शिकवलेला असतो, की मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक जवळजवळ आले म्हणजे आकडे सममित आहेत. तो इथे लागू पडतो. आकार सममितच आहे. पण सममित म्हटलं की ती मधली टेकडीच असणार, असं मन परस्पर ठरवून टाकतं, आणि घोटाळा तिथे होतो. दोन आकड्यांवरून आकार ओळखता येत नाही. चित्र काढूनच तो पाहावा लागतो.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण सरासरी हा शब्द रोजच्या बोलण्यात ‘नेहमीचं’, ‘साधारण’ या अर्थानं वापरला जातो. सरासरी पाऊस, सरासरी उत्पन्न, सरासरी वय. ऐकणाऱ्याला वाटतं की बहुतेक वेळा एवढंच असतं. कधी असतं, कधी नसतं, आणि कधी ते कुठेच नसतं. ते सरासरीतून कळत नाही, आकारातून कळतं.

पावसाचंच घ्या. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चार महिन्यांचे दिवस १२२. भागाकार केला तर दिवसाला सुमारे १६ मिलिमीटर. पण पावसाळ्यात रोज १६ मिलिमीटर पाऊस पडतो असं किनाऱ्यावरचा कुणी म्हणणार नाही. बरेच दिवस कोरडे किंवा नुसत्या भुरभुरीचे जातात, बरेच दिवस दोन-चार सरींचे, आणि मग एखाद्या दिवशी असा कोसळतो की आठवड्याचा पाऊस एका रात्रीत पडून जातो. रोजच्या पावसाचा आयतालेख काढला तर डावीकडे शून्यालगत उंच ढीग लागतो आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट पसरते. ती शेपूट सरासरीला आपल्याकडे ओढून नेते. म्हणून पावसाळ्याचे बहुतेक दिवस ‘सरासरीपेक्षा कमी’ पावसाचे असतात आणि तरीही वर्षाचा पाऊस नीट झालेला असतो. यात विसंगती काही नाही. आकारच तसा आहे.

भारतीय हवामान विभागाला हा आकार ठाऊक आहे, म्हणूनच त्याचे वर्ग सारख्या रुंदीचे नाहीत. दिवसाला २.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात. ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून त्याच्याही पलीकडचा वर्ग. डावीकडे बारीक पावलं, उजवीकडे लांब टांगा. आणि शेवटच्या वर्गाला वरची सीमाच नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तोही याच वर्गात पडतो. त्याच दिवशी मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली सुमारे ७४ मिलिमीटर. दोन्हींची सरासरी ५०९. तेवढा पाऊस या दोनपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता. त्याच पावसानं महाड तालुक्यात जुई आणि दासगावला दरडी आणल्या. रायगडच्या माणसाला पावसाची शेपूट म्हणजे काय ते आलेखातून शिकवावं लागत नाही, पण आलेखात ती शेपूट कुठे असते ते मात्र दाखवायला हवं.

याच पावसाची एक गंमत अशी, की मोजायचं माप बदललं की आकार बदलतो. रोजच्या पावसाचा आलेख इतका तिरका. पण एकेका पावसाळ्याची बेरीज घेऊन अनेक वर्षांचा आलेख काढला तर तो बराचसा सममित होतो. शेकडो छोट्यामोठ्या सरींची बेरीज होताना एकमेकींचा तिरकेपणा झाकला जातो. देशभराच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की पावसाळा सर्वसाधारण म्हणतात. बेरजेपुरतं ते योग्य आहे. पण रोपं लावून ठेवलेल्या शेतकऱ्याला बेरीज पुरत नाही. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडीप पडली आणि मग दोन दिवसांत सगळी तूट भरून निघाली, तर पुस्तकात सरासरी गाठली गेली आणि खाचरात भात गेला. ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ ही बातमी खरी असते, तरी ती कुठल्या आलेखाबद्दल बोलते आहे हे प्रत्येक वेळी विचारलं पाहिजे. बातमी वर्षाच्या टेकडीबद्दल बोलते, भात रोजच्या शेपटीत सापडतो.

शेपूट डावीकडेही असते, आणि तिचं उत्तम उदाहरणही अलिबागेतच आहे. १९०४पासून इथे भूचुंबकीय वेधशाळा चालू आहे. मूळची ती मुंबईतल्या कुलाब्याची. तिथे १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, आणि त्या प्रवाहानं नोंदी बिघडतील म्हणून नवी जागा शोधावी लागली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे स्थलांतर झालं. अलिबागची इमारत चुंबकाला न जुमानणाऱ्या सामानाची बांधली, आणि जुन्या-नव्या जागी काही काळ एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे दोन्हींची सांगड तुटू नये. आकड्यांची एवढी काळजी घेणारी माणसं इथे होती, याचा अलिबागकरांनी अभिमान बाळगावा. कुलाबा किल्ल्याकडे बघून कान्होजी आंग्र्यांची आठवण होते, तशी वेधशाळेच्या कुंपणाकडे बघून मूस यांचीही व्हायला हवी.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक शांत दिवशी थोडासाच वर-खाली होतो. सूर्यावरून आलेल्या वादळाचा तडाखा बसला, की आधी थोडा वेळ तो किंचित वाढतो आणि मग बराच वेळ खाली जातो, कारण पृथ्वीभोवती फिरणारा विद्युतप्रवाह बळावतो आणि तो या घटकाच्या विरुद्ध काम करतो. म्हणजे बिघाड मुख्यतः एकाच दिशेनं होतो. वर्षानुवर्षांच्या नोंदींचा आलेख काढला तर मोठा ढीग शांत दिवसांचा आणि शेपूट डावीकडे, वादळांची. पावसाच्या आलेखाचं जणू आरशातलं रूप. तिथे शेपूट उजवीकडे जाण्याचं कारण असं, की पाऊस शून्याच्या खाली जाऊ शकत नाही आणि वर जायला मोकळं रान आहे. इथे कारण वादळाच्या स्वभावात आहे. आलेख कुठल्या बाजूला कलला हे सांगून थांबू नये. तो का कलला याचं उत्तर बहुतेक वेळा निसर्गात किंवा व्यवहारात सापडतं, आणि ते शोधण्यातच खरं शिकणं आहे.

त्या डाव्या शेपटीच्या अगदी टोकाला एक नोंद आहे. १८५९च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जगभर गाजलेलं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत हा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचं टिपलं गेलं. नेहमीची मोठी वादळं काहीशे नॅनोटेस्लांची असतात. एखाद्या टापटिपीच्या लेखनिकाला हा आकडा इतका विचित्र वाटला असता की चूक समजून त्यानं तो खोडला असता. तसं झालं नाही. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि त्या वादळाची ताकद अजमावायला हाच आकडा उपयोगी पडला. सगळ्यांपासून वेगळं पडलेलं निरीक्षण दिसलं की काय करायचं, असा प्रश्न परीक्षेत येतो. माझ्या मते उत्तराचं पहिलं वाक्य एवढंच असावं: आधी ते जपून ठेवायचं. नोंदवताना चूक झाली का ते तपासायचं, चूक सापडली तर दुरुस्त करायचं, पण नुसतं वेगळं आहे म्हणून फेकायचं नाही.

मग ती मधली टेकडी, घंटेसारखी, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची, ती कुठे भेटते? भेटते. एकच गोष्ट अनेकांनी मोजली, प्रत्येकाच्या हातून थोडं कमी-जास्त झालं आणि कमी-जास्त होण्याची कारणं पुष्कळ व बारीक असली, तर तिथे भेटते. पावसाळ्याच्या बेरजेत तिची छाया दिसली ती याच कारणानं. तिची थोरवी मोठी आहे, फक्त ती गृहीत धरू नये.

आकाराकडे बघून इतिहास कसा वाचता येतो हे गोव्यात कोसबेन गावी जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवून दिलं. १९४०च्या सुमारास त्यांनी प्राचीन चांदीची आहत नाणी हजारोंनी तोलली. टांकसाळीतून निघालेली नाणी वजनानं जवळजवळ सारखी असतात. चलनात फिरता फिरता ती झिजतात. सरासरी वजन घटतं, आणि प्रत्येक नाणं वेगळ्या हातांतून गेल्यामुळे वजनांतली तफावत वाढते. म्हणजे ढीग डावीकडे सरकतो आणि पसरतोही. या सरकण्यावरून आणि पसरण्यावरून कुठली नाणी किती जुनी याचा क्रम त्यांनी लावला. आपला समज पक्का करायला त्यांनी चालू काळातली नाणीही तोलून पाहिली. राजांची नावं नसलेल्या नाण्यांना आकड्यांच्या आकारानं कालक्रम दिला, ही आपल्या प्रदेशातल्या माणसानं केलेली केवढी मोठी कामगिरी! ती संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

शाळेत आपण मध्य, मध्यक, बहुलक या क्रमानं सूत्रं शिकवतो. कोष्टक दिलेलं असतं, वर्ग पाडलेले असतात, मूल फक्त गुणाकार-भागाकार करतं. ‘पाण्याच्या उंचीचा बहुलक किती?’, म्हणजे पाणी सगळ्यांत जास्त वेळ कुठे असतं, असं विचारलं तर सूत्रातून एकच उत्तर निघतं, आणि दुसरा उंचवटा गप्प बसतो. वर्ग किती रुंद घ्यायचे हा निर्णयही मुलाच्या हाती कधी येत नाही. खरं तर तिथेच बरंच काही ठरतं. भरतीच्या उंचीचे दोनच रुंद वर्ग पाडले तर दोन सारखे खांब येतात आणि समुद्र सपाट दिसतो. तीन पाडले तर मधली खोलगट जागा नुकती कळायला लागते. अगदी बारीक पाडले तर आकड्यांच्या अपुरेपणामुळे नसलेले दात दिसू लागतात. योग्य रुंदी सूत्रानं मिळते त्याहून अधिक करून पाहिल्यानं मिळते.

आज सकाळी ज्यांना अर्धा तास मोकळा असेल त्यांनी हे करून पाहावं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याची पातळी मोजली जाते आहे, त्यामुळे मुंबईचं कोष्टक भरवशाचं आहे, आणि अलिबागच्या घरगुती अभ्यासाला ते पुरतं. त्यात रोजच्या भरती-सुकतीच्या वेळा आणि उंची मिळतात, म्हणजे फक्त टोकं. मधले तास बारा हिश्श्यांच्या हिशेबानं भरायचे. आधी उधाणाच्या तीन दिवसांचा आयतालेख काढा, मग भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, तीन दिवसांचा. दोन्हीकडे दोन उंचवटे येतील. उधाणाचे एकमेकांपासून दूर, भांगाचे जवळ जवळ. मग पुऱ्या पंधरवड्याचा काढा.

आता उंचवटे कुठे आले ते नीट पाहा. वाटतं की ते उधाणाच्या टोकांना यावेत. ते येतात भांगाच्या भरती-सुकतीच्या पातळीजवळ. भांगाची पातळी समुद्र पंधरवड्यातल्या प्रत्येक दिवशी गाठतो, मोठ्या भरतीतही ती वाटेत लागते. उधाणाची टोकं तो मोजक्याच दिवशी गाठतो. म्हणून उंचवट्यांच्या बाहेर, वर आणि खाली, दोन आखूड शेपट्या उरतात. वरच्या शेपटीत महिन्यातले थोडेच तास असतात, पण मिठागरात पाणी घेण्याचे दिवस तेच, आणि अलिबाग-पेणच्या खारभूमीत बांध किती उंच घालायचा तेही त्याच तासांवरून ठरतं. खाडीचं पाणी वर्षभर सरासरीला कितीही खाली असलं, तरी बांधावरून एकदा आत आलेलं खारं पाणी भाताचं शेत नासवून जातं.